शाळेच्या अडगळीत दोन बीबीसी मायक्रो: एक प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या अनुदानित माध्यमिक शाळेला वर्गखोली कमी पडत होती, म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत टिनाच्या छपराखालची अडगळीची खोली रिकामी करायला काढली. मोडके बाक, जुने नकाशे आणि तराजूचे पारडे हलवल्यावर मागच्या लोखंडी कपाटात कीबोर्डसकट असलेल्या दोन बदामी पेट्या निघाल्या. सोबत सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्ह, कॅसेट रेकॉर्डर, फ्लॉप्यांचा डबा आणि वाळवीनं निम्मं खाल्लेलं माहितीपुस्तक होतं. जडवस्तू नोंदवहीत 'संगणक संच, शासकीय योजना' एवढीच नोंद. भंगारवाल्यानं भाव किलोवर सांगितला. विज्ञानाच्या सरांना पेटीवरचं ठिपक्यांचं घुबड वेगळं वाटलं, त्यांनी फोटो नागपूरच्या जुन्या संगणकांच्या एका संग्राहकाला पाठवला, आणि भंगाराचा व्यवहार थांबला.

शाळेचा प्रश्न साधा होता: हे ठेवायचं की काढायचं? संग्राहकाला विचारायचं होतं वेगळंच: आत सगळं शाबूत आहे का, आणि कागदानिशी मिळू शकतं का?

यंत्र काय आहे

ते घुबड म्हणजे बीबीसीच्या संगणक साक्षरता प्रकल्पाचं चिन्ह. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीनं त्या प्रकल्पासाठी हे यंत्र, बीबीसी मायक्रो, डिसेंबर १९८१ मध्ये बाजारात आणलं. २ मेगाहर्ट्झचा ६५०२ प्रोसेसर, मॉडेल ए मध्ये १६ किलोबाइट मेमरी, मॉडेल बी मध्ये ३२. जगभरात सुमारे पंधरा लाख यंत्रं विकली गेली. भारतात १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारनं शाळांसाठी 'क्लास' हा संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला. पहिल्या टप्प्यात २५० शाळा होत्या आणि यंत्र हेच होतं. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सनं एकॉर्नशी करार करून 'युनिकॉर्न' नावानं त्याची भारतीय आवृत्ती काढली. म्हणून भारतात अशी पेटी सापडली की आधी उलटी करून तळाचं लेबल वाचायचं. या दोन्ही पेट्या एकॉर्नच्या निघाल्या.

संग्राहक या यंत्रामागे का लागतात, त्याचं उत्तर त्याच तळाशी आहे. कीबोर्डाच्या पुढच्या कडेखाली ओळीनं जोडण्या बसवल्या आहेत: डिस्क ड्राइव्हची ३४ पिनांची, प्रिंटरची २६, युजर पोर्टची २०, एक मेगाहर्ट्झ बसची ३४ आणि ट्यूबची ४०. शेजारीच ड्राइव्हला वीज देणारं सॉकेट. मागच्या बाजूला टीव्ही, मॉनिटर, कॅसेट, सिरीयल, नेटवर्क आणि ॲनालॉग इनपुट. आत जास्तीच्या रॉमसाठी, म्हणजे कायमचा प्रोग्रॅम असलेल्या चिपांसाठी, मोकळे सॉकेट. ॲपल टू मध्ये आठ स्लॉट होते, पण कार्ड घालायला झाकण उघडावं लागे. इथे बहुतेक वाढ बाहेरून होते. ट्यूबवर तर अख्खा दुसरा प्रोसेसर बसतो आणि मूळ यंत्र फक्त पडदा, कीबोर्ड आणि डिस्क सांभाळतं. आज खिशातल्या फोनमध्ये असलेल्या एआरएम प्रोसेसरचं पहिलं सिलिकॉन एप्रिल १९८५ मध्ये चाललं, तेव्हा त्याला यजमान बीबीसी मायक्रोच होतं. एकॉर्नचे अभियंते सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर या दोघांचा हात दोन्हींत आहे. त्यामुळे या यंत्राची खरी किंमत वरच्या प्लॅस्टिकवर ठरत नाही. तळाच्या जोडण्या आणि आतले सॉकेट किती शाबूत आहेत, त्यावर ठरते. पुढचे सगळे निर्णय याच कसोटीवर झाले.

पहिल्या दिवशी वीज नाही

संग्राहक पोचला तेव्हा शिपायानं पिनवर कापड फिरवून तयारी करून ठेवली होती. "लाइन हाये आत्ता, लावून पाहू का जी?"

"नाही भाऊ, आज फक्त झाकण."

ही घाई सगळ्यात महाग पडते. या यंत्राच्या पॉवर सप्लायमध्ये मेन्सच्या दोन तारांमध्ये बसवलेले, विजेतली खळखळ गाळणारे कागदी कपॅसिटर असतात, मधाच्या रंगाच्या पारदर्शक कवचातले. वर्षं गेली की कवचाला बारीक चिरा पडतात, पावसाळ्यात ओल आत शिरते, आणि एक दिवस चालू केल्यावर काही मिनिटांत ते फुटतात. धूर दाट आणि उग्र असतो, आणि चिकट काजळी बोर्डभर बसते. यंत्र बहुधा त्यातून वाचतं, पण पाहणाऱ्याला ते जळालं असं वाटतं आणि तिथेच भंगारात जातं. आपल्याकडे तीन महिने दमट आणि चार महिने तापलेलं टिन, म्हणजे चिरा पडायला याहून चांगली सोय नाही.

झाकणाला चार स्क्रू असतात, दोन मागे, दोन खाली पुढच्या बाजूला. प्रत्येकाजवळ 'फिक्स' असं छापलेलं असतं. ते काढून झाकण वर उचलायचं, जोर लावायचा नाही. पहिल्या पेटीत काळ्या मातीचा बारीक धुरळा आणि कापसाच्या तंतूंचा थर होता. ॲनालॉग सॉकेटच्या मागे कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं, तीन खोल्यांचं, कडक वाळलेलं. असं घर ओलं करून काढायचं नाही. चिखल झाला की तो पिनांमध्ये शिरतो. लाकडी काडीनं कडेनं तुकडे पाडले, मऊ ब्रशनं झाडलं, मग उरलेल्या डागापुरतं आयसोप्रोपिल अल्कोहोल. दुसऱ्या पेटीत उंदराची लेंडी होती, पण सुदैवानं मूत्राचा पांढरा-हिरवा डाग एकाच कोपऱ्यात, कीबोर्डाच्या रिबनपाशी होता. उंदराचं मूत्र तांबं खातं, म्हणून ती जागा अल्कोहोलनं धुऊन भिंगाखाली प्रत्येक रेघ तपासली. तुटलेली एकही नव्हती.

एक गोष्ट या मॉडेलच्या बाजूची आहे: मॉडेल बी मध्ये बॅटरी नसते. नंतरच्या, १९८६ च्या मास्टरमध्ये असते आणि ती गळून बोर्ड खाते. कपाटात पडून राहिलेलं मॉडेल बी म्हणूनच अनेकदा आतून बरं निघतं.

याच वेळी आत काय काय आहे त्याची नोंद झाली. बोर्डावर आयसी ७८ असा क्रमांक असलेल्या जागेत ८२७१ हा फ्लॉपी कंट्रोलर पहिल्या यंत्रात होता, दुसऱ्यात जागा रिकामी. ही चिप तेव्हाही महाग आणि दुर्मिळ होती, आज तर जुन्या बोर्डांवरूनच मिळते. त्यामुळे पहिल्याच नजरेला पहिलं यंत्र वरचढ ठरलं. रॉमच्या पाच सॉकेटांपैकी पहिल्यात तीन भरलेले, दुसऱ्यात दोन.

पॉवर सप्लाय

सप्लायचा डबा तळाच्या स्क्रूंनी बसवलेला असतो. तो सोडवण्याआधी बोर्डावरच्या सात चपट्या जोडण्यांचा फोटो काढायचा: तीन लाल, म्हणजे ५ व्होल्ट, तीन काळ्या, म्हणजे शून्य, आणि एक जांभळी, उणे ५ व्होल्ट. जांभळी चुकून लालच्या जागी गेली तर पुढचं वाचायची गरज नाही. डब्यातला मोठा कपॅसिटर चालू असताना सुमारे ३२५ व्होल्ट डीसीवर असतो. पिन काढल्यावरही मीटरनं मोजून उतरल्याची खात्री झाल्याशिवाय हात घालू नये. टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, संगणकवाल्याला मात्र सांगावं लागतं.

प्रत्येक सप्लायमध्ये तीन भाग बदलले: ०.१ मायक्रोफॅरडचा आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा मेन्स कपॅसिटर, आणि २२० मायक्रोफॅरडचा एक छोटा इलेक्ट्रोलिटिक. हा तिसरा वाळला की सप्लाय सुरूच होत नाही, आणि लोक अख्खा डबा बदलतात. मेन्सचे दोन्ही 'एक्स२' वर्गाचेच हवेत, २७५ व्होल्ट एसीचे. दुकानदार ६३० व्होल्टचा साधा फिल्म कपॅसिटर 'चालते' म्हणून देतो. तो घ्यायचा नाही, कारण मेन्सवर बसवण्यासाठीची सुरक्षा चाचणी एक्स वर्गाची झालेली असते, साध्याची नाही. नागपुरात सीताबर्डीच्या दुकानांत हे भाग काही रुपयांत मिळतात. जाण्याआधी बोर्डावरच्या दोन भोकांमधलं अंतर मात्र मोजून न्यावं.

चाचणी बोर्डाला न जोडता केली. ५ व्होल्टवर भार म्हणून ४.७ ओम, १० वॅटचा सिमेंट रेझिस्टर. तो साधारण एक अँपिअर ओढतो आणि चांगला तापतो, म्हणून बाकावर नाही, फरशीवर ठेवला. मेन्सच्या बाजूला १०० वॅटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये. चालू करताच बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तसाच भकभकीत राहिला तर आत शॉर्ट आहे. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही, आणि तारेचा १०० वॅटचा आता शोधावा लागतो. गावातल्या वायरमनच्या सिरीज बोर्डावर तो मिळाला. दोन्ही सप्लाय ४.९ ते ५.१ व्होल्टच्या दरम्यान स्थिर राहिले.

शाळेच्या वायरिंगला अर्थिंग नव्हतं. अशा वेळी सप्लायच्या गाळणीतून थोडा प्रवाह धातूच्या भागांवर येतो, व्हिडिओ सॉकेटला हात लागला की मुंग्या येतात, आणि चालू यंत्राला टीव्ही जोडताना ठिणगी पडू शकते. ती ठिणगी चिपपर्यंत जाते. म्हणून आधी सगळ्या केबल, मग वीज, आणि मध्ये स्टॅबिलायझर. शेतीपंप बंद झाले की रात्री व्होल्टेज वर चढतं, तेव्हा यंत्र चालवू नये.

एक बोलतं, एक अर्धंच

निरोगी बीबीसी मायक्रो चालू केलं की आधी खालचा सूर येतो, लगेच त्याच्यावर वरचा छोटा 'बीप'. पहिला सूर साउंड चिपचा आपोआप निघालेला असतो. प्रोसेसर जागा होऊन त्याला गप्प करतो आणि मग स्वतःचा बीप देतो. पहिल्या यंत्रानं खालचा सूर धरला तो सोडलाच नाही. याचा अर्थ प्रोसेसर कामाला लागलेला नाही. इथे नवशिके थेट प्रोसेसर बदलतात. क्रम असा ठेवावा: बोर्डाच्या सप्लायपासून लांबच्या टोकाला ५ व्होल्ट पोचतात का, मग सॉकेटातल्या चिपा, मग बाकीचं. आयसी ५१ मध्ये ऑपरेटिंग सिस्टिमचा रॉम असतो. त्याचे पाय काळे पडले होते. चपट्या पेचकसानं दोन्ही टोकांकडून थोडं थोडं उचलून बाहेर काढला, पाय खोडरबरानं पुसले, सॉकेटात काँटॅक्ट क्लीनर मारून सुकू दिलं, परत बसवला. मग हाच उपचार प्रोसेसरला, दोन्ही यूएलएंना (या यंत्रासाठी खास बनवलेल्या चिपा) आणि बाकीच्या रॉमना. चालू केल्यावर दोन सूर आले आणि पडद्यावर ३२के, एकॉर्न डीएफएस (फ्लॉपी चालवणारी प्रणाली), बेसिक, आणि खाली प्रॉम्प्ट.

पडदा म्हणजे शाळेतलाच एलईडी टीव्ही. मागच्या बीएनसी सॉकेटातून एव्ही इनपुटला साधी केबल. मूळ मांडणीत या सॉकेटातून चित्र कृष्णधवलच येतं. रंगांसाठी सहा पिनांचं आरजीबी सॉकेट आहे, आणि त्यासाठी रास्पबेरी पाय झिरो या छोट्या संगणक-बोर्डावर चालणारं आरजीबी-टू-एचडीएमआय हे छोटं यंत्र सध्या उत्तम. कृष्णधवल आलं म्हणून बोर्ड बिघडला समजू नये.

तासाभरात चित्रात उभ्या रेघा थरथरू लागल्या. यंत्र बंद करून गार केलं की परत ठीक. हा व्हिडिओ यूएलएचा जुना आजार आहे. जुन्या यूएलए चांगल्याच तापतात, म्हणून त्यांच्यावर ॲल्युमिनियमचा हीटसिंक असतो. इथे तो सुटून बाजूला पडला होता. यवतमाळच्या मे महिन्यात खोलीच बेचाळीस अंशांवर असते, म्हणजे केंब्रिजच्या टेबलावरून इथे आलेल्या चिपेला तापायला मोकळी जागाच उरत नाही. थर्मल गोंदानं हीटसिंक परत बसवला आणि चाचण्या सकाळी घ्यायच्या ठरल्या. पुढे कुणी कुलरसमोर ठेवण्याचा मोह करेल म्हणून सांगायला हवं: कुलरची हवा ओली असते. त्यापेक्षा साधा टेबलफॅन.

दुसरं यंत्र लगेच सुरू झालं, पण पडद्यावर १६के. मेमरीच्या सोळाच्या सोळा चिपा जागेवर होत्या, म्हणजे हे मॉडेल ए नव्हतं; वरची अर्धी मेमरी आजारी होती. पाच मिनिटांनी बोट फिरवल्यावर एक चिप शेजारच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागली. ही ४८१६ जातीची, फक्त ५ व्होल्टवर चालणारी. बाजारात सहज मिळणारी ४११६ दिसायला तशीच, पण तिला १२ आणि उणे ५ व्होल्टही लागतात. ती इथे बसत नाही. चिप सोल्डर केलेली होती. बदलायची तर पाय कटरनं कापून, एकेक पाय स्वतंत्र काढून, तिथे सॉकेट लावायचं. अख्खी चिप गरम करून ओढली की दोन्ही बाजूंच्या रेघा उपटतात. पण मालकी ठरलेली नाही अशा यंत्राला कटर लावायचा नाही, असं संग्राहकानं ठरवलं, आणि ते बरोबरच होतं.

विस्तार खरोखर चालतो का

इथे बहुतेक जण थांबतात: प्रॉम्प्ट आला, गेम चालला, झालं. पण ज्या कारणासाठी हे यंत्र हवं असतं, ते अजून तपासलेलंच नसतं. पोर्टला चुकीची केबल लावून शाळेत एखादी चिप जळालेली असते आणि यंत्र तरीही चालतं.

पहिल्या यंत्रावर 'स्टार हेल्प' दिल्यावर डीएफएसचं नाव आलं, आणि 'पेज'ची, म्हणजे बेसिक प्रोग्रॅम मेमरीत जिथून सुरू होतो त्या पत्त्याची, किंमत हेक्समध्ये १९०० दिसली. डिस्कचा रॉम नसता तर ती ई०० असती. ड्राइव्हनं रिकामी फ्लॉपी फॉरमॅट केली: ४० ट्रॅक, एका बाजूला १०० किलोबाइट.

युजर पोर्टसाठी लागतो एक एलईडी आणि २.२ किलोओमचा रेझिस्टर. एलईडीचा लांब पाय रेझिस्टरमार्गे पिन १ ला, म्हणजे ५ व्होल्टला. आखूड पाय पिन ६ ला, म्हणजे पोर्टच्या शून्याव्या बिटला. बेसिकमधून एफई६२ या पत्त्यावर २५५ लिहिलं की सगळे बिट आउटपुट होतात. मग एफई६० वर ० लिहिलं की एलईडी लागतो, २५५ लिहिलं की विझतो. आखूड पाय पिन ८, १०, १२ असा पुढे नेत आठही बिट तपासायचे. पहिल्या यंत्रात आठही ठीक. दुसऱ्यात पाचवा बिट हलेना. म्हणजे हा पोर्ट सांभाळणारी ६५२२ ही चिप, आयसी ६९, अर्धमेली. ही चिप अजून सहज मिळते, त्यामुळे फार वाईट नाही. ॲनालॉग इनपुटला पोटेन्शिओमीटर जोडून 'ॲडव्हॅल' वाचला, ० ते ६५५२० दरम्यान सलग बदलत गेला. मुलांना एलडीआर (उजेडानं रोध बदलणारा घटक) लावून उजेड मोजून दाखवायला हे सॉकेट आजही पुरेसं आहे.

ट्यूबची खरी परीक्षा तिला काही जोडल्याशिवाय होत नाही. संग्राहकाकडे पाय-ट्यूब-डायरेक्ट होतं: रास्पबेरी पाय झिरो आणि ३.३ ते ५ व्होल्टची पातळी बदलणारा छोटा बोर्ड, ४० पिनांच्या केबलवर. यजमान यंत्रात ट्यूबचा कोड असलेला रॉम लागतो. डीएनएफएस, म्हणजे डिस्क आणि नेटवर्कचा रॉम, तो देतो, आणि तिसऱ्या सॉकेटात नेमका तोच होता. चालू करताना पडद्यावरची पहिली ओळच बदलली आणि दुसऱ्या प्रोसेसरचं नाव आलं. एक मेगाहर्ट्झ बसला लावायला काहीच नव्हतं. नोंदीत 'न तपासलेली' असंच लिहिलं. विकत घेणाऱ्याला अशी नोंद 'सर्व चालू' पेक्षा जास्त उपयोगाची असते.

फ्लॉप्या

डब्यातल्या निम्म्या फ्लॉप्यांवर खिडकीतून बुरशीचे पांढरे ठिपके दिसत होते. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली की बुरशी हेडला चिकटते आणि पुढची चांगली फ्लॉपी ओरखडते. स्वच्छ दिसणाऱ्या आधी, आणि प्रत्येकीनंतर हेड अल्कोहोलनं पुसायचा. वाचन ग्रीझवीझलनं, म्हणजे फाइल नाही तर चुंबकीय लहरच उतरवून ठेवणाऱ्या उपकरणानं. बुरशीच्या फ्लॉप्या कापडात गुंडाळून वेगळ्या ठेवल्या. पाकीट कापून चकती धुण्याचं काम सवडीचं.

काय ठरलं

संग्राहकानं त्याच दिवशी पैसे देऊ केले असते तर शाळेनं घेतले असते, आणि तिथेच दोघं अडचणीत आले असते. शासकीय योजनेतून आलेली, जडवस्तू नोंदवहीत असलेली वस्तू शाळेला परस्पर विकता येत नाही. आधी निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू नोंदवहीतून काढण्याचा, प्रस्ताव, वरची मंजुरी, मग विक्री. भंगारात काढायचं तरी ई-कचरा (व्यवस्थापन) नियम २०२२ प्रमाणे नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच. किलोवर घेणारा त्यात बसत नाही. संग्राहकासाठीही निर्लेखनाची प्रत हा यंत्राचाच भाग आहे. तळाचं लेबल, नोंदवहीतल्या पानाची छायाप्रत आणि मंजुरीचं पत्र सोबत असलेलं साधं यंत्र, कुठून आलं ते सांगता न येणाऱ्या चकचकीत यंत्रापेक्षा चांगलं.

मोह आणखी दोन होते. दुसऱ्याची मेमरी तोडून ठेवून द्यायची, किंवा पहिल्यातला ८२७१ काढून दुसऱ्यात घालून एक 'जास्त सुंदर' पेटी तयार करायची. दोन्ही नाकारले. पिवळटलेलं प्लॅस्टिक पेरॉक्साइडनं पांढरं करायचाही बेत कुणी सुचवला. झाकणावर शाळेनं पांढऱ्या रंगानं लिहिलेला नोंद क्रमांक त्यात गेला असता, म्हणून तोही रद्द.

मुख्याध्यापिका मॅडमनी पहिलं यंत्र प्रयोगशाळेत ठेवून घेतलं, स्टॅबिलायझर आणि कापडी आच्छादनासह. प्लॅस्टिकचं आच्छादन ओल धरतं. नवीन अर्थिंगचा खड्डा वायरमननं जूनच्या आधी करून दिला. दुसऱ्याचा निर्लेखनाचा प्रस्ताव गेला आहे, त्यात दोषांची यादी जोडलेली: मेमरीची एक चिप, ६५२२, ८२७१ नाही. लिलावात कुणी घेतलं तर आधी मेमरी, मग ६५२२, आणि फ्लॉपीऐवजी युजर पोर्टवर एसडी कार्ड व सॉकेटात ते कार्ड वाचणारा एमएमएफएसचा रॉम, हा क्रम स्वस्त पडेल. ६५२२ बदलण्याआधी कार्ड लावलं तर ते वाचलं जाईलच असं नाही आणि दोष कार्डावर जाईल. एसटीनं न्यायचं असेल तर पोचल्यावर झाकण उघडून सॉकेटातली प्रत्येक चिप अंगठ्यानं दाबावी. आपल्या रस्त्यांवर त्या हमखास वर येतात.